दाट उगवले म्हणजे भरपूर मिळाले, असे नाही
घरच्या गाजरांची विरळणी आणि किडींपासून राखण



आरोग्याच्या पानावर गाजराची लागवड कशाला, असे काहींना वाटेल. पण वस्त्यांमध्ये आरोग्य तपासणीसाठी फिरताना पत्र्याच्या घराबाहेर तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत मेथी, कोथिंबीर, मिरची लावलेली हमखास दिसते. गेल्या काही वर्षांत त्यात गाजराची भर पडली आहे. मुलांना गाजर आवडते, बी स्वस्त मिळते आणि थंडीत ते सहज उगवते. मग तीन महिन्यांनी गोणी उपसली की हाताला लागतात करंगळीएवढी मुळे, कुठे दोन पायांचे गाजर, तर कुठे आतून पोखरलेले. पुढच्या वर्षी त्याच घरात कोणीतरी सांगते, “दुकानातून दाणेदार औषध आणून टाका, कीड लागणार नाही.” आरोग्याचा प्रश्न सुरू होतो तो इथे. जमिनीखाली वाढणाऱ्या आणि मुले कच्ची खातात अशा भाजीच्या मुळाशी आपण विष ठेवतो.

वास्तविक घरच्या गाजराचे बरेच नुकसान किडीने नव्हे, तर गर्दीने होते. त्यामुळे आधी विरळणी समजून घेऊ, मग किडींकडे वळू.

पेरतानाच निम्मे काम

आपल्याकडे गाजर सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पेरावे. साधारण 15 ते 20 अंश तापमानात मूळ चांगले भरते आणि रंगही छान येतो. उन्हाळ्यात लावलेले गाजर फिके आणि तंतुमय होते. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी.

गाजराचे रोप लावत नाहीत, बी थेट जागेवर पेरतात. बी उगवले की सर्वात आधी एक बारीक सोटमूळ सरळ खाली जाते आणि पुढे तेच फुगून गाजर होते. त्या मुळाचे टोक मोडले, दगडाला अडले किंवा ताज्या शेणाच्या गोळ्यात शिरले की त्याला फाटे फुटतात. म्हणून माती एक फूट खोलपर्यंत भुसभुशीत हवी. विदर्भ-मराठवाड्यातल्या चिकट काळ्या मातीत गाजर वाकडे होते. तिथे दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे, नाहीतर उंच वाफा करावा. गोणी किंवा डबा निदान एक फूट खोल असावा आणि तळाला पाणी निघून जायला भोके असावीत.

बी फार बारीक असते, एका ग्रॅममध्येच शेकडो बिया असतात. चिमटीने टाकले तरी एका जागी दहा-वीस पडतात. म्हणून बी रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी फडक्यावर पसरून सुकवावे आणि एक चमचा बियांत वाटीभर कोरडी वाळू किंवा चाळलेली राख मिसळून पेरावे. एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. ओळीने पेरावे. फेकून पेरल्यास पुढे रोप कोणते आणि तण कोणते हेच ओळखू येत नाही. उगवण सावकाश होते, आठवड्यापासून तीन आठवडेही लागतात. तोपर्यंत वरची माती सुकता कामा नये. ओले गोणपाट अंथरून ठेवावे, पण पहिला हिरवा ठिपका दिसताच ते काढून टाकावे. उशीर झाला तर कोंब पिवळे पडून लोळतात.

विरळणी कशासाठी?

विरळणी म्हणजे दाट उगवलेल्या रोपांतली जादा रोपे काढून उरलेल्यांना जागा करून देणे. अनेक बायाबापड्यांचा जीव यालाच होत नाही. “उगवलेले उपटायचे कसे?” असे त्या म्हणतात. जिथे पसाभर भाजीही मोजून आणावी लागते, तिथे हा संकोच समजण्यासारखा आहे. म्हणून जरा हिशेब मांडू.

सव्वा ते दीड फूट रुंद तोंडाच्या गोल गोणीत दोन गाजरांमध्ये 7 सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे, अंतर ठेवले तर कडेची जागा सोडून सुमारे 25 गाजरे मावतात. प्रत्येक गाजर 70 ग्रॅमचे धरले तरी पावणेदोन किलो माल हाती येतो. त्याच गोणीत शंभर रोपे ठेवली तर माती, पाणी, खत आणि ऊन शंभरांत वाटले जाते. पाला भरपूर दिसतो, पण मूळ भरायला जागाच उरत नाही. शेजारची मुळे एकमेकांना पिळे घालतात. खायला मिळतात त्या शंभर दोऱ्या.

दुसरे कारण रोगराईचे आहे. दाट पाल्यात हवा खेळत नाही आणि पानांवरचे दव दुपारपर्यंत सुकत नाही. अशा ओलसर सावलीत करपा, भुरी आणि मावा वाढतात. एका खोलीत दहा माणसे झोपली की एकाचा खोकला सगळ्यांना लागतो, तसाच हा प्रकार. योग्य अंतर हे पिकाचे पहिले औषध आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

विरळणी कशी करावी?

विरळणी दोनदा करावी. एकदाच करून मोकळे व्हायला गेलो आणि उरलेल्या रोपांतली काही किडीने खाल्ली, तर जागा रिकामी राहते.

पहिली विरळणी पेरणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी करावी. गाजराची पहिली दोन पाने लांबट, गवताच्या पात्यासारखी असतात. नंतर येणारी पाने कोथिंबिरीसारखी कातरलेली असतात. अशी दोन-तीन कातरलेली पाने आली आणि रोप बोटाच्या दोन पेरांएवढे झाले की दर 2 ते 3 सेंटिमीटरवर एक रोप ठेवून बाकीची काढावीत.

दुसरी विरळणी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी करावी. आता दोन रोपांत 6 ते 8 सेंटिमीटर अंतर ठेवायचे. या वेळी निघणारी मुळे पेन्सिलीएवढी, कोवळी आणि गोड असतात. धुऊन खाता येतात.

काम करताना या गोष्टी पाळा:

• आदल्या संध्याकाळी किंवा दोन तास आधी पाणी द्या. कोरड्या मातीत ओढलेले रोप शेजारच्यालाही हलवते.

• पहिल्या विरळणीत रोपे उपटण्यापेक्षा लहान कात्रीने मातीलगत कापा. मूळ मातीतच कुजून जाते आणि शेजारच्या मुळाला धक्का लागत नाही. दुसऱ्या विरळणीत उपटताना एका हाताची दोन बोटे ठेवायच्या रोपाच्या दोन्ही बाजूंना दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने जादा रोप सरळ वर ओढा.

• रोप ठेवताना उंची पाहू नका. पान तजेलदार, खोड सरळ आणि माव्याचा मागमूस नाही असे रोप ठेवा. पिवळे, लोळलेले, अळीने कुरतडलेले आधी काढा.

• ऊन कलल्यावर काम करा. झाल्यावर हलके पाणी द्या आणि सैल झालेली माती उरलेल्या रोपांच्या बुंध्याशी बोटाने दाबून बसवा.

• उपटलेली रोपे दुसरीकडे लावू नका. जगली तरी त्यांचे गाजर दोन-तीन पायांचे होते.

काढलेला कोवळा पाला वाया घालवू नका. धुऊन, बारीक चिरून, लसूण-मिरचीच्या फोडणीत बेसन पेरून त्याची भाजी होते. थालीपिठात किंवा पराठ्यातही घालता येतो. थोडा कडवट लागतो, म्हणून मेथीसारखा वापरावा. अट एकच, त्यावर रासायनिक फवारा मारलेला नसावा.

विरळणीनंतर दर दोन-तीन आठवड्यांनी बुंध्याशी मातीची भर द्या. गाजराचा माथा उघडा पडला की उन्हाने हिरवा होतो. हिरव्या बटाट्यासारखा तो विषारी नसतो, फक्त कडू लागतो. तेवढा भाग कापून बाकीचे गाजर खावे.

गाजरगवत ओळखा

विरळणी करताना एक शत्रू हाताला लागतो, तो कीड नव्हे, तण आहे. त्याचे नावच गाजरगवत. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. कोवळेपणी त्याची कातरलेली पाने गाजरासारखीच दिसतात आणि काही जण गाजर समजून तेच राखतात.

ओळख सोपी आहे. गाजरगवताची पाने फिकट हिरवी, किंचित लवदार असतात आणि जमिनीला चिकटून गोल पसरतात. गाजराचे पान बारीक देठावर वर उभे राहते. तरीही शंका आली तर पान चुरगाळून पाहू नका. ओळीत पेरले असेल तर ओळीबाहेरचे ते तण, एवढा हिशेब पुरतो. या गवताच्या स्पर्शाने अनेकांना अंगावर खाज, पुरळ आणि इसब उठतो, तर परागकणांनी शिंका आणि दमा वाढतो. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून, फुले येण्याआधी, मुळासकट उपटा. दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना हे काम देऊ नका.

कोणती कीड, काय उपाय?

समाजमाध्यमांवर गाजराच्या माशीबद्दल बरेच परदेशी व्हिडिओ फिरतात. विरळणीच्या वासावर येणारी आणि गाजरात बोगदे करणारी ही माशी प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या थंड हवेत त्रास देते. महाराष्ट्रातल्या अंगणात आपले शत्रू वेगळे आहेत. ते पिकाच्या वयानुसार पाहू.

*बी आणि कोंब असताना.* मुंग्या बी ओढून नेतात, चिमण्या आणि कोंबड्या कोंब टिपतात. वर सांगितलेले ओले गोणपाट दोन्हींवर चालते. कोंब आल्यावर जुनी मच्छरदाणी काठ्यांवर ताणावी, किंवा कडेने बाभळीच्या काट्या लावाव्यात. मुंग्या मारायचा खडू गोणीला ओढू नका. त्यात कीटकनाशक असते आणि मुलांचे हात तिथेच लागतात.

*रोपे लहान असताना.* सकाळी पाहावे तर दोन-तीन रोपे मातीलगत कापून पडलेली दिसतात. हे काम रोपे कुरतडणाऱ्या अळीचे. मातकट रंगाची ही गुबगुबीत अळी दिवसा मातीत वेटोळे करून बसते. पडलेल्या रोपाभोवतीची इंचभर माती उकरली तर बहुधा तिथेच सापडते. रात्री बॅटरी घेऊन पाहिली तर वरही दिसते. वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. घरच्या बागेत दोन-तीन रात्री वेचणी केली की प्रश्न संपतो.

पाने चरलेली आणि मातीवर चकाकणारी चिकट रेघ दिसली तर समजावे, गोगलगाय आली. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे मोठे नुकसान केले, हे अनेकांना आठवत असेल. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले पोते वाफ्याशेजारी ठेवावे. सकाळी त्याखाली गोगलगायी जमतात. त्या मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात बुडवून माराव्यात आणि पुरून टाकाव्यात. मीठ थेट वाफ्यात टाकू नये, माती बिघडते. उघड्या हाताने गोगलगाय उचलू नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत गोगलगायीच्या शरीरात वाढतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मुले गोगलगायींशी खेळत असतील तर थांबवा आणि कच्चा पाला न धुता कधी खाऊ नका.

*पाला वाढलेला असताना.* पाने गोळा होऊन आक्रसली, चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली, तर पानांमागे मावा असणार. या बारीक हिरव्या-काळ्या किडी रस शोषतात. सुरुवातीला जोरदार पाण्याच्या धारेने त्या झाडून पाडाव्यात आणि फार भरलेली पाने काढून टाकावीत. न थांबल्यास निंबोळी अर्क फवारावा. 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याची काळपट, काटेरी अळी माव्याच्या बुंध्यावर ताव मारतात. त्यांना मारू नका.

अर्क ताजाच वापरा, उरलेला साठवू नका. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हा समजही काढून टाका. कडुनिंबाचे तेल तान्ह्या बाळाला चाटवल्याने झटके येऊन बाळ दगावू शकते. तंबाखू उकळून त्याचे पाणी फवारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तंबाखूतले निकोटिन त्वचेतूनही अंगात भिनते. ते करूच नका.

पानांवर पांढरी पूड पसरली असेल तर ती भुरी. पानांच्या कडा तपकिरी-काळ्या होऊन वाळत असतील तर करपा. दोन्ही बुरशीजन्य आहेत. रोगट पाने काढून घरापासून दूर पुरावीत, पाणी सकाळी आणि पाल्यावर न मारता मातीत द्यावे, गर्दी उरली असेल तर पुन्हा विरळणी करावी.

*मूळ भरत असताना.* पुरेसे पाणी असूनही रोप दुपारी माना टाकत असेल आणि हलक्या हाताने ओढताच सुटून येत असेल, तर मुळाशी हुमणी असू शकते. इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची ही पांढरी अळी गाजर पोखरते. घरच्या गोणीत ती बहुतेक वेळा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते. म्हणून खत भरण्यापूर्वी उन्हात पसरून चाळावे आणि अळ्या वेचाव्यात. कोंबड्या असतील तर त्या हे काम आनंदाने करतात. कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम नावाची मित्रबुरशी मिळते, ती पाकिटावरच्या प्रमाणात शेणखतात मिसळून वापरता येते.

गाजराला गाठी, केसांसारखी मुळे आणि नुसतेच फाटे दिसले तर ते सूत्रकृमींचे काम असू शकते. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी मातीत राहतात. टोमॅटो, वांगी किंवा भेंडी लावलेल्या मातीत ते वाढलेले असतात, म्हणून त्याच मातीत लगेच गाजर घेऊ नये. आधी झेंडू घ्यावा. मातीत मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. एप्रिल-मेच्या उन्हात माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकने कडा दाबून चार ते सहा आठवडे झाकून ठेवावी. आतली उष्णता सूत्रकृमी, बुरशी आणि तणांचे बी यांचा बराच बंदोबस्त करते. कोथिंबीर, शेपू, बडीशेप ही गाजराच्याच कुळातली आहेत. त्यांच्यामागे त्याच जागी गाजर घेतले तर किडींना ताट वाढून ठेवल्यासारखे होते.

*काढणीच्या सुमारास.* उंदीर आणि घुशी गोड मुळावर येतात. गोणी विटांवर ठेवा, तळाला तारेची जाळी घाला, पिंजरा लावा. उंदराचे विष मुले वावरतात तिथे ठेवू नका. उंदराच्या लघवीने ओल्या झालेल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायाला-हाताला जखम असेल तर मातीत काम करताना ती झाका. मातीत काम करताना खोल जखम झाली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

दाणेदार ‘औषध’ नव्हे, विष

आता सुरुवातीला म्हटलेल्या दाणेदार पुडीबद्दल. ‘थिमेट’ या नावाने लोकांना माहीत असलेले ते फोरेट. मातीत टाकले की झाड ते मुळातून शोषून घेते. गाजरात आपण मूळच खातो. केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून फोरेटवर देशात बंदी आहे. त्याच यादीत घराघरांत ढेकूण-झुरळांसाठी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉसही आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला त्याआधीपासून मनाई आहे. तरी जुनी पाकिटे घराच्या माळ्यावर पडलेली असतात आणि ‘थोडेसेच’ म्हणून वापरली जातात.

हे थोडेसे प्रकरण नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे मजुरीने फवारणीला जातात. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न एका लेखाने सुटणार नाही. पण जे विष शेतावर नाइलाजाने अंगावर घ्यावे लागते, ते घरच्या गोणीत आपल्या हाताने का आणायचे?

कीटकनाशकाच्या पाकिटावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, त्यानंतर निळा आणि हिरवा. लाल-पिवळे काहीही घरच्या भाजीला वापरू नका. कोणतेही औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. तहानलेले मूल बाटली ओळखते, त्यातले विष नाही.

फोरेट, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या विषांची बाधा झाली तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक होतात, तोंडाला लाळ आणि फेस येतो, दरदरून घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. अशा वेळी:

• 108 ला फोन करा.

• विष लागलेले कपडे काढा आणि अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोजे घालावेत.

• उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तेल, तूप, लिंबू काहीही पाजू नका.

• बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवा.

• विषाचे पाकीट किंवा बाटली सोबत न्या. नाव कळले की उपचार लवकर सुरू होतात.

काढणी, धुणे, खाणे

जातीनुसार 80 ते 110 दिवसांत गाजर तयार होते. माथा अंगठ्याएवढा जाड दिसला की एक काढून पाहा. जास्त दिवस ठेवले तर ते चिरते, आत लाकडासारखे होते आणि उंदरांचे फावते. सगळी एकदम काढायची गरज नाही. आधी मोठी काढली की उरलेल्यांना पुन्हा जागा मिळते, ती तिसरी विरळणीच समजा.

मातीतून काढलेले गाजर विजारीला पुसून खाऊ नये. माणसांच्या किंवा जनावरांच्या विष्ठेतून आलेली जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात. फितकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. म्हणून पिकाला सांडपाणी किंवा ताजे शेण घालू नये. गाजर वाहत्या पाण्याखाली ब्रशने किंवा काथ्याने घासून धुवावे, माथ्याचा खड्डा सुरीने काढावा. काम झाल्यावर हात साबणाने आणि नखांच्या आतून धुवावेत. शाळा-अंगणवाडीतली जंतनाशक गोळी मुलांना चुकवू देऊ नये. गोणीखालच्या ताटलीत साठलेले पाणी दर आठवड्याला ओतून कोरडे करावे, नाहीतर गाजरासोबत डेंग्यूचे डासही वाढतात.

आता गाजराकडून अपेक्षा किती ठेवावी? नारिंगी गाजरात बीटा-कॅरोटिन भरपूर असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपिनचा असतो, बीटा-कॅरोटिन त्यातही असते. हे तेला-तुपाच्या सोबतीने आणि शिजवल्यावर शरीरात अधिक चांगले मुरते. म्हणून फोडणीची कोशिंबीर किंवा गाजर-डाळीची भाजी उत्तम. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा रातांधळेपणा अशा आहाराने टळतो, पण चष्म्याचा नंबर गाजराने उतरत नाही. बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मिळणारे अ जीवनसत्त्वाचे डोस गाजर खाते म्हणून बंद करू नका. गाजर लाल असले तरी त्यात लोह फारसे नसते. रक्त कमी असलेल्या बाईने लोहाच्या गोळ्या सोडून गाजरावर विसंबू नये.

सहा महिन्यांनंतर बाळाला शिजवून मऊ कुस्करलेले गाजर द्यावे. चार वर्षांखालील मुलाच्या हातात कच्च्या गाजराचा कडक तुकडा देऊ नका, घशात अडकून श्वास कोंडतो. किसून किंवा शिजवून द्या. रोज फार गाजर खाणाऱ्या मुलाचे तळहात पिवळे झाले तर घाबरू नका, गाजर कमी केले की रंग जातो. मात्र डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा दिसला तर ती कावीळ असू शकते, लगेच दवाखाना गाठा.

पाठ करायला सोपे वेळापत्रक

पेरणीच्या दिवशी: बी वाळूत मिसळून ओळीत पेरा, ओले गोणपाट झाका.

कोंब दिसताच: गोणपाट काढा, जाळी लावा.

तिसरा-चौथा आठवडा: पहिली विरळणी, दोन रोपांत एका बोटाची जाडी, गाजरगवत काढा.

सहावा आठवडा: दुसरी विरळणी, चार बोटे अंतर, मातीची भर.

दर आठवड्याला: दोन मिनिटे पानांच्या मागे पाहा. मावा दहा असताना हाताने जातो, हजार झाले की विषाची आठवण होते.

बाराव्या आठवड्यापासून: मोठी गाजरे आधी काढा.

पाच-सहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक पाकीट बी आणि एक पिशवी निंबोळी पेंड आणली तर खर्च वाटला जातो.  पेरणीच्या हंगामात माती चाळून गोणी भरली, तर आपल्या मुलांच्या ताटात विषाशिवाय वाढलेले गाजर असेल.